बारावा ठोकळा

गिरिजा वर्षातून दोनदा सुरुंग पेरायची. एकदा एप्रिल-मेमध्ये, बर्फ जाऊन जमीन मऊ झाली की, आणि एकदा सप्टेंबरात. सुरुंग म्हणजे काही खरे नव्हेत. खऱ्याच्याच मापाच्या प्लॅस्टिकच्या डब्या, आत मेण, आणि मेणात टाचणीएवढा लोखंडाचा तुकडा. प्रयोगशाळेत सगळे त्यांना ठोकळे म्हणत. ती राहायची त्या पिस्कॅटवेपासून पाऊण तासावर एक लहानसं कॉलेज होतं, त्याच्या मागच्या अंगणात टेनिस कोर्टाएवढी जागा दोरी बांधून आखलेली होती. तिथे गुडघे टेकून ती खड्डे खणायची, ठोकळे ठेवायची, माती लोटायची आणि नकाशावर फुल्या मारायची. तिची रूममेट प्रतिमा, मूळची नागपूरची आणि आपल्या सॉफ्टवेअरच्या नोकरीला विटलेली, दर वेळी विचारायची, "झाली का तुझी पेरणी, यार? पीक कधी येणार?" पीक म्हणजे पीएचडी. त्याला आता चौथं वर्ष लागलं होतं.

हा सगळा खटाटोप कंबोडियासाठी. तिथे लढणारे केव्हाच म्हातारे झाले, पण त्यांनी पुरलेले सुरुंग अजून शेताच्या बांधांवर पडून आहेत, आणि गवत कापायला गेलेल्या बायकांचे पाय त्यांवर पडतात. ते काढणारी माणसं धातू शोधणारं यंत्र घेऊन वीत वीत पुढे सरकतात. त्या यंत्राला सुरुंग कळतो आणि गंजका खिळाही कळतो, फक्त दोघांतला फरक कळत नाही. शंभरदा वाजलं तर नव्व्याण्णव वेळा खिळा नाहीतर काडतुसाचं टोपण निघतं. तरी शंभरच्या शंभर वेळा पालथं पडून, बाजूने, चमच्याचमच्याने माती खरवडत तो तुकडा उघडा करावा लागतो. दिवसभरात एका खोलीएवढी जमीन झाली तरी पुष्कळ.

गिरिजाचे गाइड डॉ. मोरेश्वर आगाशे यांनी यावर उपाय म्हणून एक यंत्र बनवलं होतं. लांब दांड्याला थाळीसारखा भाग, तो जमिनीत रडारच्या लहरी सोडायचा, आणि परत आलेल्या लहरी वाचून गिरिजाचा प्रोग्रॅम निवाडा द्यायचा. हातातल्या छोट्या पडद्यावर सुरुंगाला लाल, कचऱ्याला किंवा नुसत्या मातीला हिरवा. बारा वर्षं आगाशे या एका यंत्रामागे लागले होते. सांगलीच्या मुलीला इथे आणलं त्यांनीच, पहिला महिना आपल्या घरी ठेवून घेतलं त्यांनीच. प्रयोगशाळेत ती त्यांना सर म्हणायची आणि घरी काका. त्यांच्या बायकोला, शुभाकाकूंना, ती पहिल्या दिवसापासून काकूच म्हणत आली.

आता त्या बाराव्या ठोकळ्याचं सांगायला हवं. नकाशावर अकरा फुल्या गिरिजाच्या हातच्या होत्या. बारावी, कुंपणाच्या कोपऱ्यातली, तिला सीनियर असलेल्या अंकुर नावाच्या विद्यार्थ्याने दोन हजार तीनच्या शरदात मारलेली होती. गिरिजाने त्या जागेवरून वीसेक वेळा यंत्र फिरवलं आणि वीसही वेळा पडदा हिरवा आला. शेवटी तिने अंकुरला टेक्सासात, अर्विंगला, फोन केला.

"अगं, मी काढला असेन तो," अंकुर म्हणाला. "आठवत नाही यार. मशीन काय म्हणतंय?"

"काही नाही म्हणतंय."

"मग नसेल तिथे. नकाशा अपडेट करायचा राहिला असेल माझा."

हे दोघंही हुशार म्हणून ओळखले जाणारे. दोघांनाही वाटलं नाही की कोपऱ्यात जावं आणि दहा मिनिटं फावडं चालवावं. माणसाने हाताने पुरलेली वस्तू आहे की नाही हे त्यांनी त्या यंत्रालाच विचारलं, ज्याची परीक्षा घ्यायला ती पुरली होती. गिरिजाने तक्त्यातली बारावी ओळ काढून टाकली. अकरापैकी अकरा. आगाशे खूश झाले, आणि खरं सांगायचं तर गिरिजाही झाली.

दोन हजार पाचच्या जूनमध्ये कंबोडियाहून सोफाल आला. सेहेचाळीस वर्षांचा, बुटका, काटक माणूस. अठरा वर्षं सुरुंग काढत आलेला. तिकडे यंत्राची प्रत्यक्ष चाचणी त्याची तुकडी घेणार होती, म्हणून यंत्र शिकायला तीन आठवड्यांसाठी त्याला बोलावलं होतं. तो आगाश्यांच्या बेसमेंटमध्ये राहिला. काकूंच्या वरणभाताला त्याने नाव ठेवलं नाही, पण हिरव्या मिरचीचा ठेचा पानात पडला तेव्हा त्याचा चेहरा उजळला, आणि जाताना काकूंनी त्याला ठेच्याची बरणी बांधून दिली. गिरिजाला तो टीचर म्हणायचा. त्याच्या निम्म्या वयाची नसली तरी पुष्कळ लहान मुलगी, तिला हा माणूस रोज सकाळी हात जोडून टीचर म्हणतो याचं तिला अवघड वाटायचं. नंतर आवडायलाही लागलं.

पहिल्याच सकाळी ती त्याला मागच्या अंगणात घेऊन गेली. तो दोरीपाशी थांबला, खाली वाकून जमीन पाहत राहिला, मग वाळकी काटकी उचलून म्हणाला, "इथे. इथे. आणि तिथे." यंत्र अजून खोक्यातच होतं. काटकीने त्याने एकेक करत अकराही जागा दाखवल्या. एकही चुकली नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "हे बघ, याला म्हणतात नजर," आगाशे कौतुकाने म्हणाले.

सोफाल हसला. "टीचर, पुरून किती दिवस झाले?"

"पाच. तुम्ही येणार म्हणून नव्याने पेरले."

"आमच्याकडे वीस वर्षं. पंचवीस वर्षं. वर गवत असतं, मुळं असतात, मुंग्यांची घरं असतात. तिथे डोळ्याला काही दिसत नाही."

"म्हणून तर यंत्र," आगाशे म्हणाले, आणि पुन्हा सगळे हसले. मग सोफाल कुंपणाच्या कोपऱ्यात सावलीला जाऊन उभा राहिला आणि बाटलीतलं पाणी प्यायला. गिरिजाने त्या दिवशी वहीत लिहिलं, पाहुण्यांनी नुसत्या नजरेने अकरा जागा ओळखल्या. वाक्याखाली तिने गंमत म्हणून एक रेघसुद्धा मारली. त्या वाक्याचा अर्थ तिला कळायला सहा महिने लागले.

आठ डिसेंबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी बर्फ पडणार असं टीव्हीवाले सांगत होते, म्हणून गिरिजा सकाळीच अंगणातल्या दोऱ्या आणि खुंट्या आवरायला गेली. कोपऱ्यातली खुंटी हलेना. तिने फावडं घेतलं आणि भोवतीची माती सैल करू लागली. तिसऱ्या घावाला फावड्याचं पातं कशावर तरी थडकलं.

तिने हाताने माती बाजूला केली. प्लॅस्टिकची डबी होती. गवताची मुळं तिला चहूबाजूंनी बिलगली होती, आणि झाकणावर अंकुरच्या अक्षरात, काळ्या मार्करने, बारा असा आकडा होता.

सोफाल जिथे उभा राहून पाणी प्यायला होता ती हीच जागा. गिरिजा ओल्या मातीत तशीच बसून राहिली. दोन वर्षं हा इथे होता, आणि वीस वेळा तिच्या प्रोग्रॅमने सांगितलं होतं की इथे काही नाही. जे नुकतेच पुरलेले होते तेवढेच त्या प्रोग्रॅमला दिसत होते, आणि सोफालच्या नजरेलाही. एक शंका आली, आणि ती खोटी ठरावी म्हणून तिने दुपारी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला चार खड्डे खणले, त्यात काहीएक ठेवलं नाही, माती लोटून पायाने दाबली, आणि वरून प्रयोगशाळेतलं दुसरं, तसंच यंत्र फिरवलं.

चारही वेळा पडदा लाल झाला.

तिच्या प्रोग्रॅमला सुरुंग ओळखता येतच नव्हता. त्याला खणलेली माती ओळखता येत होती. चार वर्षं तिने त्याला ताज्या खड्ड्यांवरच शिकवलं होतं, आणि तो तेवढंच शिकला होता. सोफालने काटकीने जे केलं होतं तेच यंत्र करत होतं, पण सोफालला आपण काय पाहतोय हे ठाऊक होतं आणि त्याने ते बोलूनही दाखवलं होतं. जिथे वीस वर्षं कोणी माती हलवली नाही, तिथे हे यंत्र प्रत्येक सुरुंगाला हिरवा दिवा दाखवणार होतं. आणि कंबोडियासाठीचं यंत्र नोव्हेंबरातच बोटीने गेलं होतं.

संध्याकाळी आगाश्यांकडे मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा होती. काकूंनी कलश मांडला होता, आंब्याच्या डहाळीच्या जागी दारातल्या मॅग्नोलियाची पानं. गिरिजाच्या हातात फळ दिलं, हळदीकुंकू लावलं. ठोकळा तिच्या बॅगेत प्लॅस्टिकच्या पिशवीत होता.

"आधी जेवून घे," तिचा चेहरा पाहून आगाशे म्हणाले.

जेवणानंतर बेसमेंटमध्ये तिने सगळं सांगितलं. आगाश्यांनी ठोकळा हातात घेतला, उलटापालटा केला, बाराचा आकडा अंगठ्याने पुसल्यासारखा केला. त्यांच्या बारा वर्षांचं काय होत असेल ते गिरिजाला दिसत होतं आणि तिला त्यांची कीव येत होती.

"ट्रायलचा प्रोटोकॉल काय आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"लाल असो, हिरवा असो, प्रत्येक सिग्नल सारख्याच काळजीने खणायचा."

"बरोबर. मशीन नुसतं रेकॉर्ड करतंय. कुणाचा जीव त्याच्यावर नाही."

"पण काका, सोफालला निदान कळवायला..."

"कळवलं की ट्रायल कॅन्सल होणार. एकदा कॅन्सल झाली की पुन्हा कोणी आपल्याला दारात उभं करणार नाही. दहा फेब्रुवारीला तुझा पीएचडीचा डिफेन्स आहे. ट्रायल होऊ दे, डेटा येऊ दे, मग आपणच पेपर लिहू की यात असं असं लिमिटेशन आहे. मी तुला गप्प बस म्हणत नाहीये, गिरिजा. दोन महिने थांब म्हणतोय."

तिला बरं वाटलं. पुढे कित्येकदा तिने तो क्षण आठवून पाहिला, आणि दर वेळी हेच आठवलं की तेव्हा तिला राग आला नव्हता, भीती वाटली नव्हती, नुसतं हायसं वाटलं होतं. वडीलधाऱ्या माणसाने ओझं आपल्या हातात घेतलं होतं. काकूंनी जाताना डब्यात खीर दिली, ती तिने दुसऱ्या दिवशी बर्फ पडताना बघत खाल्ली.

सोफाल दर आठवड्याला मेल पाठवायचा. त्याला इंग्रजी लिहिता येत नसे, तो सांगायचा आणि त्याची शाळेत जाणारी मुलगी बोफा टाइप करायची. एकोणीस जानेवारीची मेल अशी होती: "टीचर, तब्येत चांगली आहे ना? यंत्र फार चांगलं आहे. हिरव्यात आजवर सगळे खिळेच निघाले. आता हिरव्याला आम्ही भरभर खणतो. तुकडी खूश आहे. मिरचीचा ठेचा संपला."

हिरव्याला आम्ही भरभर खणतो. गिरिजाने ते वाक्य पुन्हा वाचलं. नियम काहीही असो, सकाळपासून पालथ्या पडलेल्या माणसाला पडदा सांगतोय की खाली खिळा आहे, तर त्याचा हात सावध राहील कसा? हे तिला तेव्हाच कळलं. तिने उत्तर लिहायला घेतलं, आणि पानभर खरं खरं लिहिलं: बाराव्या ठोकळ्याचं, चार रिकाम्या खड्ड्यांचं, यंत्र बंद करून ठेवा असं. मग तिला दहा फेब्रुवारी दिसली, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीच्या कंपनीचं ऑफर लेटर दिसलं, व्हिसा दिसला, काका दिसले. तिने सगळं पुसलं, आणि वीस जानेवारीला एवढंच पाठवलं: "कृपया हिरवे सिग्नलही लाल सिग्नलांइतक्याच काळजीने खणावेत. नियम तसाच आहे."

आपण इशारा दिला, असं तिने स्वतःला सांगितलं. मन शांत करायला माणसाला फार काही लागत नाही.

डिफेन्स छान झाला. समितीतल्या एकाने विचारलं की एखादा सुरुंग यंत्राच्या नजरेतून सुटण्याची शक्यता किती. गिरिजाने अकरा ओळींचा तक्ता पडद्यावर लावला आणि म्हणाली की आमच्या चाचण्यांत एकही सुटला नाही. आवाज थोडाही कापला नाही. अर्ध्या तासात ती डॉक्टर झाली.

संध्याकाळी काकूंनी पेढे केले होते. प्रतिमा आली होती, "आलं बाई एकदाचं पीक," म्हणून तिने गिरिजाला मिठी मारली. पेढा हातात तसाच धरून आगाशे गिरिजाला म्हणाले, "जरा खाली ये."

बेसमेंटमध्ये, सोफाल ज्या पलंगावर झोपायचा त्याच्या काठावर ते बसले.

"सोमवारी झालं," ते म्हणाले. "हिरवा होता. ट्रॉवेलने, म्हणजे हातातल्या खुरप्याने, बाजूने नाही, वरूनच खणत होता. मंगळवारी हॉस्पिटलात प्राण गेला."

"कोण?" गिरिजाने विचारलं. विचारायची काहीच गरज नव्हती.

"मला बुधवारी कळलं. आधी सांगितलं असतं तर तू आज उभी राहू शकली नसतीस."

वरून काकूंनी हाक मारली की चहा झालाय. गिरिजाला काकांचा इतका राग आला की तिला त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघवेना. पण घरी जाताना गाडीत तिला कळलं की त्यांनी दोन दिवस जे केलं, तेच तिने दोन महिने केलं होतं.

चौकशीचा अहवाल मार्चच्या अखेरीस आला. आगाश्यांनी तो काही न लिहिता नुसता पुढे पाठवला. चौदा पानं. खड्ड्याचं माप, ट्रॉवेलचा कोन, टोपीची काच वर केलेली होती की खाली. निष्कर्ष एका ओळीचा होता: अपघात कर्मचाऱ्याने ठरलेली कार्यपद्धती न पाळल्यामुळे झाला. अठरा वर्षं एकही चूक न केलेल्या माणसाचं नाव त्या ओळीत होतं. आणि खाली पुरावा म्हणून तिसरं परिशिष्ट होतं. कर्मचाऱ्याला अपघाताच्या सतरा दिवस आधी यंत्र तयार करणाऱ्या प्रयोगशाळेने लेखी सूचना दिली होती, हिरवे सिग्नलही लाल सिग्नलांइतक्याच काळजीने खणावेत. सूचनेखाली नाव, गिरिजा.

तिने स्वतःच्या समाधानासाठी लिहिलेल्या दोन ओळी होत्या त्या. त्यांनी सोफालला वाचवलं नाही ते नाहीच, वर तो मेल्यावर त्यालाच दोषी ठरवायच्या कामी आल्या.

त्यानंतर तिने जे केलं त्याला धाडस म्हणायचं असेल त्याने म्हणावं. तिला स्वतःला ते तसं वाटलं नाही. तिने यंत्राची चूक सगळी लिहून काढली, बाराव्या ठोकळ्याचे आणि रिकाम्या खड्ड्यांचे फोटो जोडले, काढून टाकलेली ओळ तक्त्यात परत घातली, आणि ते चौकशी मंडळाला, कॉलेजला आणि सोफालच्या घरी पाठवलं. पाठवण्याआधी आगाश्यांना सांगायला गेली. त्यांनी दार उघडलं, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "तुला मी मुलीसारखं वागवलं." काकू मागे उभ्या होत्या. त्या घरातून रिकाम्या हाताने ती पहिल्यांदाच बाहेर पडली.

कॉलेजने पदवी थांबवून समिती नेमली. श्रूजबरीच्या कंपनीने ऑफर मागे घेतली. प्रतिमा म्हणाली, "वेडी आहेस का यार, आता तो परत येणारे का?" आणि मग तिनेच गिरिजाचं पुण्याचं तिकीट बुक करून दिलं. चौकशी मंडळाचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. पत्र मिळालं, आभार, चौकशी पूर्ण झाली असल्याने पत्र फाइलला जोडण्यात येत आहे. निष्कर्षाची ओळ होती तशीच राहिली.

गिरिजा सामान बांधत होती तेव्हा बोफाची मेल आली.

"टीचर, तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती रडली. आमच्या गावात सगळे म्हणत होते की बाबांनी हलगर्जीपणा केला, आता आई त्यांना तुमचं पत्र दाखवते. बाबांच्या मेल मीच लिहायचे हे तुम्हाला माहीत असेल. वीस जानेवारीची तुमची मेल मीच त्यांना वाचून दाखवली होती. ते म्हणाले, नियम मला माहीत आहे, पण टीचरचं यंत्र चुकणार नाही, टीचरने आजवर मला काही चुकीचं शिकवलेलं नाही. हे मी तुम्हाला कळवणार होते, पण शाळेची परीक्षा होती म्हणून राहून गेलं. मला एकच विचारायचं आहे. यंत्राचं तुम्हाला कधी कळलं? पत्रात तारीख नाही. ती मेल लिहिण्याआधी की नंतर?"

गिरिजाने उत्तर लिहायला घेतलं. डिफेन्सचं लिहिलं, काकांचं लिहिलं, प्रोटोकॉलचं लिहिलं, आपल्याला किती वाईट वाटतं तेही लिहिलं. दीड पान झालं. मग तिने ते वाचलं, आणि त्यातल्या कुठल्याच ओळीत मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तिने सगळं पुसलं आणि लिहिलं, "आधी. आठ डिसेंबरला."

पाठवलं, आणि उघड्या बॅगेशेजारी बसून राहिली. बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये तो बारावा ठोकळा होता. बोफाची मेल त्यानंतर कधी आली नाही.